कोरमअभावी तहकूब

ग्रामसभेचा कोरम फार मोठा नसतो. गावातल्या एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तेवढी माणसं जमली की सभा कायदेशीर ठरते. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर. साध्या साखरपुड्याला याहून जास्त पानं उठतात. तरीही खेड्यापाड्यांतल्या प्रोसिडिंग बुकात ‘कोरमअभावी सभा तहकूब’ हा शेरा पुन्हा पुन्हा भेटतो आणि बहुतेकांना तो निरुपद्रवी वाटतो. सभा झाली नाही म्हणजे काही ठरलं नाही, असा समज. खरी मेख पुढे आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट राहत नाही. मग सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, चार-दोन सदस्य आणि पंधरा-वीस गावकरी एवढ्यांत घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी मंजूर होऊ शकते, विकास आराखड्यात रस्ता कुठल्या वस्तीचा घ्यायचा ते ठरू शकतं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर. त्या ‘सर्वां’मध्ये घरी बसलेलं सगळं गाव धरलं जातं. सार्वजनिक कामात भाग घेणं हा आपण हौसेचा मामला समजतो. ज्याला आवड आहे त्याने समाजकार्य करावं, बाकीच्यांनी आपापलं पाहावं. माझं म्हणणं असं की ही मोकळीक आपल्याला मुळात नाहीच. जो येत नाही त्याचंही वजन कुठल्या तरी पारड्यात पडतं. कुठल्या पारड्यात, हे मात्र त्याच्या हातात उरत नाही.

दारूबंदीच्या मतदानात तर हे आकड्यांतच दिसतं. गावातलं दुकान बंद करायचं असेल तर किमान २५ टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यावं लागतं, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली आणि आडवी बाटली. बाटली आडवी व्हायला मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्यांची मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण मतदारांपैकी ५० टक्क्यांहून जास्त मतं लागतात. म्हणजे त्या दिवशी माहेरी गेलेली, खुरपायला गेलेली, नवऱ्याच्या धाकाने घरातच थांबलेली, प्रत्येक बाई दुकानदाराच्या बाजूला जमा होते. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी एवढी अवघड अट पार करून दारूची दुकानं बंद करवली. मोर्चात घोषणा देणाऱ्या बायांचं मोल आहेच, पण अशा लढाईत मतदानाच्या दिवशी शेजारणीला सोबत घेऊन केंद्रावर जाणारी बाई निकाल फिरवते. तिचा फोटो कुठे येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्याला हे सांगावं लागू नये. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही नावं इथली, आणि ती पाहायला देशभरातून माणसं येतात. पण येणारे बहुतेक जण जे डोळ्यांना दिसतं ते पाहून जातात: डोंगरउतारावरचे समतल चर, बंधारे, झाडी, स्वच्छ गल्ल्या. हिवरे बाजारचं खरं कर्तृत्व दाखवण्याजोगं नाही, ते एका बैठकीत घडतं. वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडणारं हे नगर तालुक्यातलं गाव १९७२च्या दुष्काळानंतर पार मोडलेलं होतं. १९८९मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, पुढे गाव आदर्श गाव योजनेत आलं, नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. एवढं सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. पावसाळा सरला की गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी कुठपर्यंत आहे, हे ग्रामसभेपुढे येतं. आधी माणसांचं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं, आणि पाऊस कमी झाला असेल तर तहानेली पिकं घ्यायचीच नाहीत. उसाला मनाई, केळीला मनाई, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई. पाचशे फुटांची बोअर घेण्याइतका पैसा असलेला बागायतदारही या नियमात येतो. तो नियम पाळतो याचं मला दिसणारं कारण साधं आहे: ताळेबंद त्याच्या समोर मांडलेला असतो, त्याला विरोध करायची संधी मिळालेली असते, आणि शेजाऱ्याने किती उपसायचं हेही त्याच बैठकीत ठरलेलं असतं. पाणी अडवण्याची कामं पुढे राज्यभर झाली, जलयुक्त शिवारमध्ये झाली, श्रमदानातून झाली. नाला पोकलेनने खोल करता येतो. अडवलेलं पाणी कुणी किती घ्यायचं हे मात्र कुठलंच यंत्र ठरवत नाही, आणि जिथे ते कुणीच ठरवलं नाही तिथे ज्याची बोअर खोल त्याचं पाणी.

दुसरं उदाहरण राहाता तालुक्यातलं. २०१७च्या एप्रिलमध्ये पुणतांब्याच्या ग्रामसभेत शेतकऱ्यांनी संपावर जाण्याचा ठराव झाला. पिकवणारा माणूस संप करेल ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटली होती. तरी आसपासच्या गावांनी ग्रामसभा घेऊन तसेच ठराव केले, आणि १ जूनला दूध आणि भाजीपाला शहरांकडे जायचा थांबला. दोनच दिवसांत काही प्रतिनिधींनी मुख्यमंत्र्यांशी चर्चा करून संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. पण गावोगावच्या लोकांनी तो चालू ठेवला. मला या घटनाक्रमातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चळवळ एखाद्या पुढाऱ्याच्या शब्दावर उभी असती तर त्या रात्रीच संपली असती. ठराव गावांनी केला होता, म्हणून तो गावांकडेच राहिला. २४ जूनला राज्य सरकारने ३४ हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केली. ती पुढे कशी राबवली गेली, किती जणांचे अर्ज ऑनलाइन घोळात अडकले, हा वेगळा आणि कडू विषय आहे. पण एका गावच्या प्रोसिडिंग बुकातला ठराव मंत्रिमंडळाच्या टेबलापर्यंत पोचला, हे नाकारता येत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: हिवरे बाजारला पोपटराव होते, राळेगणला अण्णा हजारे होते, आमच्याकडे कोण आहे? नेतृत्वाचं महत्त्व कमी लेखण्यात अर्थ नाही. तरीही जामखेडकडे पाहावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तिथे काम सुरू केलं, १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीचा कणा मात्र दवाखान्यातले डॉक्टर नव्हते. गावाने निवडलेल्या, बहुतेक न शिकलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. बाळंतपण, हगवण, मुलांचं वजन, लसी, हे त्या आपल्याच गल्लीत सांभाळू लागल्या. डॉक्टर मोठे होते म्हणून काम सुरू झालं, पण दर घरी रोज पोचणं कुठल्याही मोठ्या माणसाला शक्य नसतं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यातून राज्याला २००२चा माहिती अधिकार कायदा मिळाला, केंद्राचा २००५मध्ये आला. हा कायदा कुणासाठी आहे? ज्याची कुठेही ओळख नाही, त्याच्यासाठी. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. नेत्याने मिळवून दिलेली हत्यारं वापरायला पुन्हा नेत्याचीच वाट पाहत बसलो, तर त्याच्या लढ्याचा उपयोग काय झाला?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. गाव एकत्र आलं म्हणजे न्याय होतोच असं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकानं लावू न देण्याचा ठराव केला. ज्या यात्रेला अठरापगड जातींची भटकी-विमुक्त माणसं पिढ्यानपिढ्या येत आली, तिथला हा ठराव. प्रशासनाने तो रोखला, आणि रोखायलाच हवा होता. राळेगणमध्ये दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णांनी स्वतः सांगितलेलं आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही. चराईबंदीसुद्धा ज्याच्याकडे जमीन नाही, चार शेळ्याच आहेत, त्याला सर्वांत आधी भोवते. तेव्हा मर्यादा स्पष्ट असू द्या: ग्रामसभा पाण्याचा वाटा ठरवू शकते, कुणाचा नागरिक म्हणून असलेला हक्क ती काढून घेऊ शकत नाही. पण अशा ठरावांवर उपाय म्हणून सभेकडे पाठ फिरवणं उलट घातक आहे. अशी सभा नेमकी कुणाच्या गैरहजेरीत सोपी जाते? ज्यांना त्या ठरावाची लाज वाटते, पण जे घरीच बसतात, त्यांच्या. ‘मला हे मान्य नाही, माझा विरोध नोंदवा’ एवढं म्हणणारी दहा माणसं सभेत असली, तरी ‘सर्वानुमते’ हा शब्द लिहिता येत नाही. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद याच कारणासाठी आहे. चावडीवर भावकीसमोर जे बोलता येत नाही, ते तिथे बोलता यावं.

वेळेचा प्रश्न मात्र खराच आहे. सकाळी अकराला सभा ठेवायची आणि मजूर आले नाहीत म्हणून त्यांनाच बोल लावायचा, हा अन्याय आहे. सुप्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारा तरुण, रोजंदारीवर कांदा काढणारी बाई, यांनी दिवसाची कमाई बुडवून लोकशाही चालवावी ही अपेक्षा कुणी करू नये. पाथर्डी-जामखेडकडच्या ऊसतोड कुटुंबांचं तर सगळं वेळापत्रकच वेगळं. दसरा-दिवाळीनंतर ती कारखान्यांवर जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेला गावातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात. त्या सभेत त्यांच्या वस्तीतल्या पाण्याच्या टाकीचा विषय निघाला, तर बाजू कोण मांडणार? जी माणसं गावात आहेत आणि ज्यांना सवड आहे, त्यांच्यावर इथे दुहेरी जबाबदारी येते. सभा संध्याकाळी घ्या, असा आग्रह त्यांनी धरावा. ऊसतोड कामगारांचे विषय १ मेच्या सभेपर्यंत राखून ठेवा, हाही. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, दुकानदार, पुण्याहून सुट्टीला आलेली मुलं. हजर राहणं ज्यांना सर्वांत सोपं, नेमके तेच ‘गावच्या राजकारणात कशाला पडा’ म्हणून लांब राहतात. राजकारण त्यांच्यावाचून थांबत नाही, दोन गटांच्या ताब्यात जातं एवढंच.

नगर शहरात राहणाऱ्यांना ही सगळी चर्चा खेड्याची वाटेल. त्यांची अडचण मोठी आहे, कारण महापालिकेच्या प्रभागात ग्रामसभेसारखी रुजलेली जागा नाही. क्षेत्रसभांची तरतूद राज्याने २००९मध्ये कायद्यात केली, पण त्या खऱ्या अर्थाने भरताना दिसत नाहीत. नळाला पाणी चार दिवसांआड येतं की आठ, यावर गल्लीत तावातावाने बोलणारे लोक ‘आमच्या प्रभागाची क्षेत्रसभा कधी घेता?’ हा प्रश्न नगरसेवकाला आणि आयुक्तांना लेखी विचारत नाहीत. तो विचारायला हवा.

शेवटचा आक्षेप: हे सगळं कागदावरच चालतं, सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. जिथे असं होतं तिथे ते थांबवण्याचा मार्गही कागदाचाच आहे. सभेची नोटीस सात दिवस आधी लागली का, ते फलकावर पाहावं, फोटो काढून ठेवावा. आपला विषय लेखी अर्जाने आधीच ग्रामपंचायतीत द्यावा आणि पोच घ्यावी. सभेत तो विषय घेतला नाही, तर का घेतला नाही हे नोंदवायला लावावं. उपस्थितांच्या सह्यांखाली रेघ मारूनच घरी जावं, म्हणजे नंतर नावं वाढत नाहीत. पंधरा दिवसांनी इतिवृत्ताची प्रत मागावी आणि आपण बोललो ते त्यात आलं आहे का, हे दोघा-तिघांनी मिळून वाचावं. पुढच्या सभेत पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हाच असतो. चूक दुरुस्त करून घ्यायची जागा तीच.