जहाज सुटते, उतारू राहतो

पावसाळा ओसरला की मुरगाव बंदराच्या धक्क्याला पर्यटकांची अवाढव्य जहाजे लागू लागतात. सकाळी ती शेकडो, प्रसंगी हजारो माणसे उतरवतात आणि संध्याकाळी त्यांना पुन्हा पोटात घेऊन पुढच्या बंदराकडे निघून जातात. मधला जो दिवस, तोच काय तो गोव्याच्या वाट्याचा. त्या दिवसावर घड्याळाची सक्त हुकमत असते. ठरल्या वेळेच्या आत शिडी न चढणाऱ्या उतारूला धक्क्यावर सोडून जहाज निघून जाऊ शकते, आणि जगातील बंदरांत ते अधूनमधून तसे निघून जातेही. वरकरणी ही एखाद्या गाफील प्रवाशाच्या फजितीची गोष्ट वाटते. परंतु तिच्यात बंदरावर पोट भरणाऱ्या आपल्या माणसांच्या हिताचा प्रश्न गुंतलेला आहे, म्हणून तिचा विचार थोड्या विस्ताराने करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

मार्च २०२४ मध्ये या विषयाची चर्चा जगभर झाली. केपटाऊनहून बार्सिलोनाकडे निघालेले ‘नॉर्वेजियन डॉन’ हे जहाज वाटेत आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ तोमे बेटापाशी थांबले होते. हे बेट गोव्याप्रमाणेच शतकानुशतके पोर्तुगिजांच्या अमलाखाली होते. १९७५ साली ते स्वतंत्र झाले. जहाजातील सहा अमेरिकन व दोन ऑस्ट्रेलियन उतारू तेथे सहलीला गेले. सहल कंपनीने आखलेली नव्हती, स्थानिक माणसांमार्फत परस्पर ठरवलेली होती. परतीला उशीर झाला. मंडळी किनाऱ्यावर पोहोचली तेव्हा जहाज समोर नांगरलेले दिसत होते. तटरक्षकांच्या बोटीने त्यांना जहाजापर्यंत नेलेदेखील. पण त्यांना वर घेण्यात आले नाही. त्यांचे पासपोर्ट किनाऱ्यावरील एजंटाच्या हवाली झाले आणि जहाज चालते झाले. आठांपैकी एका दांपत्याचेच बँककार्ड त्या बेटावर चालत होते, त्यामुळे साऱ्यांच्या खर्चाचा भार त्यांच्यावर पडला. देश बदलत, विमाने बदलत ही मंडळी गांबियात पोहोचली, तर तेथे जहाजच बंदरात येऊ शकले नाही. मग पुन्हा सेनेगलमधील डाकारपर्यंतची वणवण. अखेर २ एप्रिल रोजी ती जहाजावर चढली. गांबिया ते डाकार एवढ्या टप्प्याचा खर्च कंपनीने देऊ केला. वेळेवर परतण्याची जबाबदारी मात्र उतारूचीच, ही आपली भूमिका तिने सोडली नाही.

ही भूमिका निष्ठुर वाटली तरी ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. जहाज म्हणजे नाक्यावर हात दाखवला की थांबणारी कदंबची बस नव्हे. त्याला बाहेर काढण्यासाठी पायलट व टगबोटी ठरल्या वेळेस येऊन ठेपलेल्या असतात. धक्क्याचे भाडे चढत असते, मागे दुसरे जहाज ताटकळत असते आणि पुढल्या बंदरात यासाठी जागा राखलेली असते. गेलेला वेळ समुद्रात भरून काढावा म्हटले, तर तेही स्वस्तात होत नाही. जहाजाचा वेग वाढवायचा तर यंत्राची शक्ती साधारणतः वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढवावी लागते. बारा तासांचा पल्ला अकरा तासांत गाठायचा झाल्यास यंत्राला सुमारे तीस टक्के अधिक जोर लावावा लागतो, आणि तास एक कमी होऊनही त्या पल्ल्याचे इंधन सुमारे एक-पंचमांशाने जास्त जळते. दोन हजार माणसांचा दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आठ जणांसाठी उधळावा काय, हा प्रश्न कप्तानापुढे असतो. त्याने नकारार्थी उत्तर दिले तर त्याला खलपुरुष ठरवण्याचे कारण नाही.

निघण्यापूर्वी जहाजावर जे घडते तेही ध्यानात घ्यावे. उतारूचे कार्ड शिडीवरच्या यंत्रात नोंदलेले असते, त्यामुळे कोण परतला नाही हे जहाजाला नावानिशी कळते. नावे पुकारली जातात. माणूस येणार नाही असे दिसले की त्याची खोली उघडून पासपोर्ट शोधतात आणि एजंटाच्या हाती देतात. हे काम करणाऱ्यांत आपल्या साष्टी-बार्देशचे तारवटीही असतात. त्यांनाही बंदरात उतरायची मुभा कधीमधी मिळते, पण उतारूंच्या आधी परतण्याची अट घालूनच. उतारूची चूक सहलीच्या आठवणीत जमा होते. तारवट्याची चूक नोकरीवर येऊ शकते.

तथापि नियमाला दुसरी बाजू आहे, आणि ती कंपन्या मोठ्या खुबीने वापरतात. जहाज कोणासाठीच थांबत नाही असे नव्हे. कंपनीमार्फत विकलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबते, आणि थांबणे अशक्य झाले तर त्या उतारूंना पुढल्या बंदरात नेऊन सोडण्याचा भार कंपनी उचलते. ही हमी ती जाहिरातीत ठळकपणे सांगते. परस्पर ठरवलेल्या टॅक्सीने गेलेल्याला मात्र ती हमी नाही. म्हणजे वाटेत झाड पडून तीच वाहतूक अडली, तोच उशीर झाला, तरी एका गाडीतील माणसे कंपनीची पाहुणी ठरतात आणि मागच्या गाडीतील माणसे बेजबाबदार ठरतात! कंपनीची सहल सामान्यतः बाहेरच्या सहलीपेक्षा महाग असते. तो जास्तीचा पैसा बऱ्याच अंशी या भीतीचा असतो. उशिरा परतण्याचे भय हा असा एक विक्रीचा माल झालेला आहे.

मोजदाद हे केवळ उतारूला धाक घालण्याचे साधन नव्हे, ते जहाजाचे कर्तव्य आहे, याची आठवण ऑक्टोबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील लिझर्ड बेटावर झाली. ऐंशी वर्षांची एक वृद्धा बेटावरची टेकडी चढताना मागे राहिली. ती परतलेली नाही हे ध्यानात न येताच जहाज निघाले. काही तासांनी ते माघारी वळले, पण दुसऱ्या दिवशी तिचा मृतदेहच हाती आला. साओ तोमेचे उतारू आणि ही वृद्धा यांत फरक आहे, आणि तो मोठा आहे. पण माणूस मागे राहिला म्हणजे त्याचीच हयगय, हे गृहीत धरून मोकळे होता येत नाही, एवढे त्यावरून दिसते.

नासाव, कोझुमेल यांसारख्या बंदरांत उशिरा आलेली माणसे धक्क्यावरून जिवाच्या आकांताने धावत येतात आणि वर कठड्यांवर दाटी करून उभे असलेले सहप्रवासी टाळ्या, शिट्ट्या वाजवीत त्यांची चित्रे घेतात. हा तमाशा आता नित्याचा झाला आहे. त्यात मध्यम वयाच्या बायका असतात, हाताला धरून ओढलेली मुले असतात. हसणाऱ्यांची बुद्धी आम्हांस समजत नाही. धावणाऱ्यांपैकी काहींचा दोष केवळ घड्याळाचा असतो. कोझुमेल ज्या किन्ताना रो प्रांतात आहे, तेथे उन्हाळ्यात घड्याळे पुढे करीत नाहीत. त्यामुळे फ्लोरिडाहून उन्हाळ्यात आलेल्या जहाजाची वेळ गावच्या वेळेपेक्षा एक तास पुढे असू शकते. गावातले घड्याळ पाहून निश्चिंतपणे जेवायला बसणाऱ्याचा तास तेथेच बुडतो.

आता मुरगावकडे वळू. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ या मुंबई-गोवा बोटींचे दिवस आठवत असतील. मधल्या काही बंदरांत बोट आत येत नसे. पडावातून उतारूंना तिच्यापर्यंत न्यावे लागे, आणि पडाव गेला की गेला. पण त्या चुकलेल्या माणसाला गाव होते, भाषा होती, फार झाले तर पाहुण्याच्या घरी एक रात्र जादा काढावी लागे. मुरगावात मागे राहिलेल्या परदेशी उतारूला यांतले काहीच नसते, आणि बहुतेक देशांच्या वकिलाती मुंबईला.

त्याला उशीर होण्याची कारणेही येथे आहेत. बंदरापासून जुने गोवे काय, मंगेशी काय किंवा फोंड्याकडील मसाल्याच्या बागायती काय, सारे झुआरी ओलांडून पलीकडे. डिसेंबर २०२२ मध्ये नवा झुआरी पूल अंशतः खुला झाला आणि वर्षभराने पुरा झाला, हे खरे. कुठ्ठाळीची जुनी कोंडी त्याने पुष्कळ सैल केली. पण नाताळ व नववर्षाच्या दिवसांत गोव्यातील कोणता रस्ता किती वेळ घेईल हे येथे जन्मलेल्यालाही छातीठोकपणे सांगवत नाही. त्यातून मालदीवसारख्या ठिकाणाहून आलेला उतारू मनगटावरचे घड्याळ अर्धा तास पुढे करायला विसरला, तर अर्धा तास तेथेच गेला.

या अनिश्चिततेचा खरा फटका कोणास बसतो? वास्कोच्या टॅक्सीवाल्यास आणि गाइडास. धक्क्यावरून उतरणारा पर्यटक थेट कंपनीच्या बसमध्ये चढतो आणि आम्ही रांगेत उभे राहतो, हे त्यांचे गाऱ्हाणे जुने आहे. आजवर त्यावर मोर्चे झाले, निवेदने झाली, बाहेरच्या गाड्यांना मज्जाव करण्याच्या मागण्या झाल्या. काही टॅक्सीवाल्यांच्या दरांविषयी पर्यटकांच्याही तक्रारी आहेत, आणि त्या साऱ्याच खोट्या आहेत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण भाडे कितीही रास्त केले तरी ‘जहाज चुकले तर काय?’ या प्रश्नाला उत्तर मिळेपर्यंत सावध पर्यटक बसमध्येच बसणार. कंपनीशी स्पर्धा करायची तर ती हमीच्या बाबतीत करावी लागेल.

आणि ही हमी देणे गोव्याला साओ तोमेइतके अवघड नाही. येथून सुटणारी पर्यटक-जहाजे बहुधा मुंबई, नवमंगळूर किंवा कोची या बंदरांकडे जातात. या तिन्ही ठिकाणी कोकण रेल्वेच्या मार्गाने जाता येते, आणि रात्रभर समुद्रातून जाणाऱ्या जहाजाच्या आधी माणूस मडगावहून आगगाडीने पुढे पोहोचणे बहुतेक वेळा शक्य असते. जहाज परदेशी निघालेले असेल तर दाबोळी व मोपा हे दोन विमानतळ आहेत. टॅक्सी संघटनांनी पर्यटन खात्याच्या साहाय्याने एक सामाईक निधी उभारावा, बंदरातून निघणाऱ्या प्रत्येक फेरीमागे त्यात अल्पशी रक्कम टाकावी, आणि आमच्या गाडीच्या किंवा आमच्या वाटेच्या दोषाने जहाज चुकल्यास पुढल्या बंदरापर्यंत आम्ही पोहोचवू, असे लेखी द्यावे. असे प्रसंग वर्षात किती येणार? जो उतारू समुद्रकिनाऱ्यावर बिअर पीत बसला त्याचा खर्च निधीने उचलू नये, हे सांगायला नको.

बंदर प्राधिकरणाकडून आमची अपेक्षा याहून साधी आहे. बाहेरच्या फाटकावर त्या दिवशीच्या जहाजाचे नाव, शिडी उचलण्याची वेळ आणि भारतीय घड्याळ, हे तिन्ही मोठ्या फलकावर असावे. एजंटाच्या दूरध्वनीचा क्रमांक व परतीची वेळ असलेली चिठ्ठी प्रत्येक टॅक्सीचालकाला सकाळीच मिळावी, म्हणजे झुआरीवर अडकलेला चालक निदान दहा मिनिटांची सूचना तरी जहाजाला देऊ शकेल. पासपोर्टावाचून मागे राहिलेल्या माणसाची पहिली रात्र कोणाच्या देखरेखीखाली जाईल, हे एजंट, पोलीस आणि इमिग्रेशन यांनी अगोदरच आपापसांत ठरवून ठेवावे. माणूस फाटकाशी रडत उभा राहिल्यावर नव्हे.

पुढील हंगामाच्या जहाजांच्या तारखा बंदराला बऱ्याच आधी कळवल्या जातात. पहिले जहाज धक्क्याला लागण्यापूर्वी पर्यटन खात्याने टॅक्सी संघटनांची आणि एजंटांची एक बैठक वास्कोत बोलवावी. ती पणजीत न बोलावता वास्कोतच का, हे संध्याकाळी पाच वाजता तो रस्ता कापणाऱ्यास वेगळे सांगण्याची गरज नाही.