ऐंशी रुपयांचे भांडवल

मोठे भांडवल हाती आल्यावाचून उद्योग सुरू करता येत नाही, असे पुष्कळांना वाटते. ते भांडवलाची वाट पाहत बसतात आणि त्यातच उमेदीची वर्षे निघून जातात. वास्तविक उद्योगाला पैशापेक्षाही अधिक गरज असते ती नित्यनेमाची.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात गृहिणी एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटावयास बसल्या. जवळ ८० रुपये होते, तेही उसने घेतलेले. पहिल्या दिवशी अवघी चार पाकिटे तयार झाली. ती त्यांनी ओळखीच्या एका व्यापाऱ्याला विकली. तोटा आला तरी कोणाची देणगी घ्यावयाची नाही, असा त्यांचा निश्चय होता.

पुढे पावसाळा आला. उन्हाअभावी पापड वाळेनात. चार महिने काम बंद पडले. तरी त्या खचल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली शेगडी पेटवावयाची! मग पावसाळ्यातही काम चालू राहिले. त्या चार पाकिटांतूनच ‘लिज्जत पापड’ हा हजारो स्त्रियांना रोजगार देणारा उद्योग उभा राहिला.

पैसा उसना मिळू शकतो. परंतु रोज ठरल्या वेळी पोळपाटाशी बसण्याची सवय आणि अडचणीतून वाट काढण्याची बुद्धी कोणी उसनी देत नाही. ती ज्याची त्यानेच, रोज थोडी थोडी, कमवावी लागते.