फोन ठेवणे म्हणजे उद्धटपणा नव्हे


दिवाळीत अर्नाळ्याला मामांकडे होतो. किल्ल्याच्या होडीची वाट पाहताना त्यांना तीन फोन आले. कर्ज, प्लॉट, बक्षीस! मामा प्रत्येकाला अदबीनं "नको हो साहेब" म्हणत राहिले. आपलंही तेच. माणूस बोलतोय, मध्येच कसा ठेवायचा? हीच भीड महागात पडते. बोलणं वाढलं की "पीएम किसानची फाइल पाठवतो, उघडा" म्हणतात. ती एपीके फाइल मोबाइलमध्ये घेतली की ताबा चोराकडे आणि उसाचं बिल खात्यातून गायब. १९०९ वर नोंद जरूर करा. जाहिरातींचे फोन कमी होतील. चोर मात्र ती जुमानत नाहीत. पैसे गेलेच तर लाजेनं घरात बसू नका, त्याच घटकेला १९३० ला फोन लावा. उशीर झाला की रक्कम खात्याखात्यांतून पुढं पळते.