26 जानेवारीच्या मेजवानीबद्दल शेवटचा इशारा

मेलबर्नमधील आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीला आणि सर्व सभासदांना हा जाहीर इशारा आहे. 26 जानेवारीला सकाळी झेंडावंदन आणि दुपारी त्याच मैदानावर ‘ऑस्ट्रेलिया डे’ची मेजवानी, हा प्रघात बंद करा. झेंडावंदन होऊ द्या, तो आपल्या प्रजासत्ताकाचा दिवस आहे. मेजवानी मात्र होता कामा नये. तसा लेखी निर्णय 30 नोव्हेंबरपर्यंत आमच्या हाती पडला पाहिजे.

हे आम्ही याआधीही मांडले. “सगळेच करतात, आपण कशाला वाद ओढवून घ्यायचा?” एवढेच उत्तर मिळाले. म्हणून याच शहरात घडलेला इतिहास आता सर्वांसमोर ठेवतो. तो वाचल्यावर “आम्हाला माहीत नव्हते” ही सबब कोणालाही उरणार नाही.

1930 च्या दशकात यॉर्टा यॉर्टा या मूलनिवासी समाजाचे विल्यम कूपर सत्तरी ओलांडल्यावर मेलबर्नला आले आणि त्यांनी ऑस्ट्रेलियन अ‍ॅबोरिजिन्स लीग उभी केली. ब्रिटनच्या राजासाठी त्यांनी एक अर्ज तयार केला: आमचा समाज नामशेष होण्यापासून वाचवा, आमची स्थिती सुधारा, आमचा एक माणूस संसदेत घ्या. वस्त्यावस्त्यांतून 1814 सह्या गोळा झाल्या. 1937 साली अर्ज कॅनबेराच्या सरकारकडे सोपवला गेला. सरकारने तो राजाकडे पाठवलाच नाही.

1788 साली 26 जानेवारीला ब्रिटिशांनी सिडनीत आपला झेंडा रोवला होता. 1938 साली त्याची 150 वर्षे साजरी होत असताना, त्याच शहरातील ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये मूलनिवासींनी सभा भरवून तो शोकदिन पाळला. जॅक पॅटन आणि विल्यम फर्ग्युसन यांची अ‍ॅबोरिजिन्स प्रोग्रेसिव्ह असोसिएशन त्यात पुढे होती. मेलबर्नहून कूपर आणि डग निकोल्स गेले होते. नागरिक म्हणून समान हक्क द्या, ही त्यांची मागणी होती. ज्या तारखेला आपण शामियाना टाकतो, ती ही तारीख.

त्याच वर्षी 6 डिसेंबरला कूपर आपल्या माणसांना घेऊन मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर चालत गेले. जर्मनीत ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनास्थळे फोडली गेली होती आणि त्याचा निषेध त्यांना नोंदवायचा होता. वकिलातीने निवेदन घेतले नाही. स्वतःच्या देशात ज्यांना माणूस म्हणून मोजले जात नव्हते, त्यांनी समुद्रापलीकडच्या परक्यांसाठी रस्त्यावर यावे, आणि आपण शेजारच्या माणसाच्या शोकदिनी मांसाचे तुकडे भाजत बसावे? याचे उत्तर कार्यकारिणीने द्यावे.

फेब्रुवारी 1939 मध्ये कूपर यांच्या कमरागंजा वस्तीतील सुमारे दोनशे लोक तुटपुंजा शिधा आणि व्यवस्थापकाची दंडेली सोसून कंटाळले आणि मरे नदी ओलांडून व्हिक्टोरियात निघून आले. 1941 मध्ये कूपर वारले. त्यांचे काम निकोल्स यांनी पुढे नेले.

1957 मध्ये वॉरबर्टन रेंजेसमधील उपासमारीने खंगलेल्या मूलनिवासींचे चित्रण लोकांसमोर आले आणि त्याच वर्षी मेलबर्नमध्ये अ‍ॅबोरिजिन्स अ‍ॅडव्हान्समेंट लीग स्थापन झाली. निकोल्स यांच्यासोबत स्टॅन डेव्ही, गॉर्डन ब्रायंट, डोरिस ब्लॅकबर्न ही गोरी मंडळीही होती. लेक टायर्सची मूलनिवासी वस्ती मोडून कुटुंबे गावोगाव विखुरण्याचा सरकारी बेत या लीगने अडवला. निकोल्स सरकारच्या कल्याण मंडळावर सदस्य होते. 1963 मध्ये त्यांनी ती जागा सोडली आणि मोर्चा काढला. 1965 मध्ये लेक टायर्स कायमची राखीव ठरली, 1971 मध्ये जमिनीची मालकी तिथल्या लोकांकडे आली. लीगने कपडे वाटले, मुलामुलींसाठी वसतिगृहे चालवली, पण तिची ताकद या जमिनीच्या भांडणात दिसली. आपल्या ‘मदतनिधी’वाल्यांनी हे नीट वाचावे. 1969 च्या सुमारास तर बॉब माझा, ब्रूस मॅकगिनेस यांच्यासारख्या तरुणांनी, आमच्या संस्थेचा कारभार आमच्याच हाती हवा, असे स्पष्ट बजावले. तेव्हा धनादेश देतानाचे फोटो काढून या मागणीतून सुटका होईल, असे कोणी समजू नये.

1967 च्या सार्वमतात 90 टक्क्यांहून अधिक लोकांनी मूलनिवासींच्या बाजूने कौल दिला, त्यामागे या लीगसारख्या संघटनांची दहा वर्षांची पायपीट होती. 14 ऑक्टोबर 2023 ला मात्र सार्वमतात संसदेला सल्ला देणारा मूलनिवासींचा एक आवाज मागितला गेला, तेव्हा सुमारे 60 टक्के मते विरोधात पडली. त्या मतदारांत आपणही होतो. कोणी काय मत दिले ते विचारायचा आम्हाला हक्क नाही. त्या मतदानाआधी या विषयावर आपल्या सभागृहात एकही चर्चा का ठेवली गेली नाही, हे मात्र आम्ही विचारणारच.

हा प्रश्न परका आहे असे महाराष्ट्रातून आलेल्या माणसाने तर म्हणूच नये. 1869 मध्ये व्हिक्टोरियाने मूलनिवासींनी कुठे राहावे, कुठे राबावे, त्यांची मुले कोणी वाढवावीत हे ठरवणारा कायदा केला. दोनच वर्षांनी, 1871 मध्ये, त्याच साम्राज्याने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. त्या कायद्याखाली सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड ज्यांना हजेरी द्यावी लागली, ते पारधी, कैकाडी, भामटे आपलेच लोक होते.

आमची मागणी एवढीच आहे: मेजवानी रद्द करा. झेंडावंदनानंतर अ‍ॅडव्हान्समेंट लीगचा इतिहास मराठीतून अर्धा तास सांगा, आणि शक्य असेल तर मूलनिवासी वक्त्याला योग्य मानधन देऊन बोलवा. घाईघाईत वाचून दाखवलेल्या दोन ओळींच्या भूमिवंदनाने हे भागणार नाही.

30 नोव्हेंबरपर्यंत निर्णय आला नाही, तर 1 डिसेंबरपासून आम्ही वर्गणी थांबवू. मांडव, ध्वनियंत्रणा आणि स्वयंपाकघर सांभाळणारे आमचे स्वयंसेवक काम सोडतील. शनिवारची मराठी शाळा तेवढी चालू राहील, मुलांना यात ओढायचे नाही. आणि 26 जानेवारीला दुपारी मैदानाच्या फाटकावर आम्ही काळ्या कपड्यांत उभे असू. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती हाच मजकूर देऊ, आणि तो देताना कार्यकारिणीतील कोणाचाही अपवाद करणार नाही.