माग काढणाऱ्याचे मानधन

कसाऱ्याचा घाट चढून वर आले की इगतपुरी लागते, आणि इगतपुरीच्या चारी अंगांना ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्या. या वाड्यांतला माणूस नाचात, गाण्यात, सोंग वठवण्यात कुणाला हार जाणारा नाही. शेजारी मोखाडा-जव्हारकडे होळीनंतर बोहाडा होतो, तेव्हा संबळाच्या ठेक्यावर रात्रभर देवा-दैत्यांचे मुखवटे नाचतात. मुखवट्याआड असतो तो दिवसा नांगर धरणारा गडी.

असे असून आपल्या सिनेमात आदिवासी आला की त्याचे काम बहुधा शहरातला नट करतो. डॉ. जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' १९७७ चा. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून काढलेला, ठाकरांच्या जिण्याचा. त्यात नाग्या झाले डॉ. मोहन आगाशे आणि चिंधी झाली स्मिता पाटील. १९८० च्या 'आक्रोश'मधला मुका झालेला आदिवासी लहान्या भिकू म्हणजे ओम पुरी. या कलावंतांनी कामे उत्तम केली, त्याबद्दल दुमत नाही. पण खुद्द आदिवासीच्या पोराला अशी भूमिका मिळाली, तर पुढे त्याचे काय होते? याचा पुरता धडा मिळतो तो दूर ऑस्ट्रेलियात, डेव्हिड गुलपिलिल या नटाच्या आयुष्यात.

गुलपिलिल ऑस्ट्रेलियाचा मूळ रहिवासी. देशाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा रानावनाचा, दलदलीचा मुलूख आहे, तिथला. जन्म सुमारे १९५३ चा. नेमकी तारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. शिकार करावी, जनावराचा माग काढावी, जमातीच्या विधींत नाचावे, हे त्याचे शिक्षण. या लोकांची देशाच्या शिरगणतीत पुरती मोजदादही होत नसे. त्यासाठी १९६७ साली सार्वमत घेऊन राज्यघटना बदलावी लागली. अशा काळात निकोलस रोएग हे इंग्रज दिग्दर्शक आपल्या चित्रपटासाठी मुलगा शोधत त्या भागात आले. गुलपिलिलचा नाच पाहून त्यांनी त्याला निवडले. 'वॉकअबाउट' हा तो चित्रपट १९७१ साली झळकला. रानात वाट चुकलेल्या दोन गोऱ्या मुलांना जगवणारा आदिवासी तरुण त्याने असा उभा केला की पोराला इंग्रजी जेमतेम येते हे कुणाच्या ध्यानातही राहिले नाही. मात्र पडद्यावरच्या नामावळीत त्याचे नाव चुकीचे छापले गेले, 'गुम्पिलिल' असे.

मग परदेशवाऱ्या झाल्या, मोठमोठ्या लोकांच्या भेटी झाल्या. याच झगमगाटात दारूची ओळख झाली, ती पुढे आयुष्यभर नडली. कामे मात्र मिळत राहिली. १९७६ चा 'स्टॉर्म बॉय', १९७७ चा 'द लास्ट वेव्ह', दोन्ही गाजले. दूरचित्रवाणीवर 'बोनी' नावाची गुप्तहेराची मालिका होती. तिचा नायक आदिवासी आईचा मुलगा, पण ते काम रंग फासलेल्या गोऱ्या नटाने केले. गुलपिलिलच्या वाट्याला त्या मालिकेत आले किरकोळ काम. आपल्याकडची आणि तिकडची तऱ्हा सारखीच म्हणायची!

१९८६ साली 'क्रोकोडाइल डंडी' आला. त्याने जगभरात तीस कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. आपल्याला त्यातले दहा हजार डॉलर मिळाले, असे गुलपिलिलने पुढे सांगितले. १९८७ साली सरकारने 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' हा किताब दिला. आणि हा किताब मिळालेला, जगाला तोंडओळख असलेला नट आपल्या गावी, रामिंगिनिंगला, पत्र्याच्या खोपटात राहत होता. तिथे वीज नव्हती, नळ नव्हता. कीर्ती घरात आली, पण चुलीपर्यंत पोचली नाही.

पालट झाला तो रॉल्फ द हीर या दिग्दर्शकाची गाठ पडल्यावर. २००२ सालच्या त्यांच्या 'द ट्रॅकर'मध्ये गुलपिलिल प्रथमच खरा नायक झाला. भूमिका पोलिसांसाठी माग काढणाऱ्या आदिवासीची. तिच्याबद्दल त्याला देशाचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढे त्यानेच द हीर यांना एक जुना फोटो दाखवला. १९३० च्या दशकात डोनाल्ड थॉमसन यांनी टिपलेला, दलदलीतून झाडाच्या सालीच्या होड्या हाकणाऱ्या त्याच्याच लोकांचा. त्या एका फोटोतून 'टेन कनूज' म्हणजे 'दहा होड्या' हा २००६ चा चित्रपट झाला. संवाद सगळे तिथल्या बोलींत, कामे करणारी माणसे तिथलीच, त्यांत गुलपिलिलचा मुलगा जेमीही. कथा सांगणारा आवाज खुद्द गुलपिलिलचा. सालीची होडी करण्याची विसरत चाललेली विद्या या निमित्ताने तरुणांच्या हाती परत आली. कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला.

माणूस देव नव्हता. दारूच्या पायी त्याने बायकोचा हात मोडला आणि २०११ साली तुरुंगात गेला. कुणी याची सारवासारव करू नये. द हीर त्याला तुरुंगात भेटले आणि दोघांनी मिळून 'चार्लीज कंट्री' लिहिला. सरकारी कायद्याच्या कचाट्यात स्वतःच्याच रानात परका झालेला म्हातारा गुलपिलिलने त्यात उभा केला आणि २०१४ साली कान येथे अभिनयाचा पुरस्कार मिळवला. २९ नोव्हेंबर २०२१ रोजी फुफ्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. त्याच्या लोकांत मृताचे नाव काही काळ घेत नाहीत. घरच्यांनी तसे कळवताच वर्तमानपत्रांनी तो मान राखला आणि दुसऱ्या नावाने त्याचा उल्लेख केला. पहिल्या चित्रपटात ज्याचे नाव धड छापले नव्हते, त्याच्या नावाची ही अदब!

यातून घ्यायचे ते हे, की नुसता चेहरा दिला तेव्हा वाहवा मिळाली. गोष्ट सांगण्यात, लिहिण्यात वाटा मिळाला तेव्हा सर्वांत मोठे काम झाले. परवश कलावंताची कला विकली जाते, वाढत नाही.

आपल्या देशातही असे झाले आहे. केरळातल्या वायनाडचा मणी हा पणिया जमातीचा मुलगा. २००६ च्या 'फोटोग्राफर' चित्रपटात मोहनलालबरोबर चमकला, बालकलाकाराचा राज्य पुरस्कार मिळाला. त्यानंतर बरीच वर्षे दुसरी भूमिका नाही. मजुरीवर पोट भरले. २०१८ साली 'उडलाळम'मध्ये त्याला पुन्हा नायकाचे काम मिळाले, पण मधली वर्षे कुणी परत दिली नाहीत.

मुंबई इथून काही तासांवर. चित्रीकरणाची माणसे घाटावर येतात, उद्या एखाद्याला आपल्या वाडीतले पोर पसंत पडेल. हुरळून जाऊ नका, घाबरूही नका, पण चार गोष्टी माहीत असू द्या. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर घेण्याआधी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा अधिक नाही. मुलाच्या कमाईतला किमान वीस टक्के पैसा राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे मुदत ठेवीत पडला पाहिजे. तो त्याला सज्ञान झाल्यावर मिळतो. मुलाची मर्जी नसेल तर काम करवून घेता येत नाही. ही कुणाची मेहेरबानी नव्हे, २०१७ सालापासून केंद्राच्या बालकामगार नियमांतच हे लिहिले आहे.

मोठ्या माणसाने काम धरले तर मोबदला किती, कधी, हे कागदावर घ्यावे. वाचता येत नसेल तर शाळेच्या गुरुजींकडून वाचवून घ्यावे, मगच अंगठा उठवावा. आणि नाव कसे लिहिणार, तेही आधी पाहून घ्यावे. बैल विकताना आपण दात मोजून घेतो आणि दाम हातात पडल्याशिवाय कासरा सोडत नाही. पोराची कला काय बैलाहून हलकी आहे?