बारमाही

लास वेगासला जाऊन जुगार न खेळता परत येणारा माणूस म्हणजे महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी न खाता परत येणारा, असं आमचे जावई म्हणतात. पण बँकेत पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे पैसे मोजल्यावर स्वतःचे पैसे यंत्राच्या तोंडात घालायला हात धजत नाही. जावयांना तिथं दोन दिवस कंपनीचं काम होतं, लेक नातवाच्या मागे, म्हणून आम्हां दोघा म्हाताऱ्यांना त्यांनी अर्ध्या दिवसाच्या एका बससहलीचं तिकीट काढून दिलं. सकाळी साडेसातला हॉटेलच्या दारातून उचलायचं, हूवर धरण दाखवायचं आणि जेवणाच्या वेळेला परत आणून सोडायचं. वर पाण्याची एकेक बाटली फुकट. २०२३ चा ऑक्टोबर होता.

बसचा चालकच गाइड होता. माझ्याच वयाचा, पोट सुटलेला, एका हातात स्टिअरिंग आणि गळ्याशी माइक. ‘मी तुमचा डॅम गाइड, ही तुमची डॅम बस, आता कुणाला काही डॅम प्रश्न असतील तर विचारा,’ असं त्यानं सुरुवातीलाच सांगितलं. डॅम म्हणजे धरणही आणि कानाला शिवीही, त्यामुळे बस हसली. आमची ही हसली नाही. मी कोटी समजावून सांगितल्यावर म्हणाली, ‘रोज हेच बोलत असेल बिचारा.’

धरण तिथून पन्नासेक किलोमीटरवर. वाटेत बोल्डर सिटी लागतं. धरणाच्या कामगारांसाठी सरकारनं वसवलेलं हे गाव. जुगाराच्या राजधानीपासून अर्ध्या तासावर असूनही इथं आजतागायत जुगाराला बंदी आहे. पुढं दरीवरचा उंच पूल. २०१० साली तो झाला, तोपर्यंत सगळा महामार्ग धरणाच्या माथ्यावरूनच जात होता. पुलावरून चालत पाहिलं की धरण एकदम अंगावर येतं.

अंगावर येतं हा शब्द मी जपून वापरतो आहे. आपल्याकडची धरणं आडवी पसरलेली असतात, हे उभं आहे. ७२६ फूट उंच. तळाशी ६६० फूट जाड आणि माथ्याला अवघं ४५ फूट. दोन काळ्या कातळांच्या मध्ये कुणी पांढरी पाचर ठोकावी तसं. १९३१ ला काम सुरू झालं, १९३५ च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट उद्घाटनाला आले. काळ महामंदीचा. घरदार गेलेली माणसं बायकामुलांसह त्या भट्टीसारख्या वाळवंटात कामासाठी येऊन पडली होती. बांधकामावर मेलेल्यांचा अधिकृत आकडा शहाण्णव. काँक्रीटमध्ये माणसं पुरलेली आहेत ही मात्र थाप, असं गाइडनं सांगितलं. काँक्रीट एका दमात ओतलंच नव्हतं. तसं ओतलं असतं तर ते निवायला शंभरावर वर्षं लागली असती. म्हणून ठोकळे ठोकळे करून ओतलं, आणि आतून ५८२ मैल लांबीच्या इंचभर नळ्या फिरवून त्यांतून गार पाणी खेळवलं. भाकरी थापणाऱ्या बाईला हे लगेच पटतं. हिलाही पटलं.

खाली लिफ्टनं नेऊन वीजघर दाखवतात. सतरा मोठी जनित्रं, क्षमता २,०८० मेगावॉट, म्हणजे आपल्या कोयनेपेक्षा थोडी जास्त. पाणीसाठ्यात मात्र कोयना पासंगालाही पुरत नाही. मागचं लेक मीड हे तळं काठोकाठ भरलं तर त्यात कोयनेसारखी दहा धरणं मावतील. वर आल्यावर पंखवाल्या देवदूतांचे दोन ब्राँझचे पुतळे आहेत. त्यांच्या पायाची बोटं चोळली की नशीब उघडतं म्हणे. लाखो हातांनी बोटं सोन्यासारखी झाली आहेत. हिनं रीतसर नमस्कार केला.

पाणी आत घेणारे चार मनोरे तळ्यात उभे आहेत. दोन नेवाडा राज्याच्या बाजूला, दोन ॲरिझोनाच्या. दोन्हीकडे घड्याळं, एकावर या राज्याची वेळ, दुसऱ्यावर त्या. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढं करत नाही, त्यामुळे हिवाळ्यात दोन्हींत तासाचा फरक पडतो. आम्ही गेलो तेव्हा वेळ सारखीच होती.

पण माझं लक्ष घड्याळांवर नव्हतं. तळ्याच्या कडेनं, जिथवर नजर जाईल तिथवर, कातळावर एक पांढरा पट्टा होता. जुन्या बंबाला आतून क्षार चढतो तसा. पूर्वी पाणी कुठवर होतं ते सांगणारा. त्या दिवशी तो दीडशे फुटांहून उंच होता, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा. २००० साली तळं जवळजवळ भरलेलं होतं, जुलै २०२२ मध्ये ते २७ टक्क्यांवर आलं. १९३० च्या दशकात पहिल्यांदा भरत होतं, त्यानंतर इतकं खाली कधी गेलं नव्हतं. आम्ही पाहिलं तेव्हा एक चांगला हिवाळा होऊन गेला होता, तरी ते एक तृतीयांशच होतं. फोटो काढणारे लोक पट्टा टाळून काढत होते. ते कौशल्याचं काम होतं.

बसकडे परतताना मी गाइडला बाजूला घेऊन विचारलं, ‘यातून किती पाणी द्यायचं कबूल केलंय आणि नदीला येतं किती?’ त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. माइक बंद होता. म्हणाला, ‘सर, त्यांनी सह्या केल्या तेव्हा नदी खुशीत होती.’

हे वाक्य कुठल्याही क्रेडिट ऑफिसरच्या टेबलावर काचेखाली ठेवावं असं आहे.

झालं होतं ते असं. नोव्हेंबर १९२२ मध्ये सात राज्यांच्या प्रतिनिधींनी कोलोरॅडो नदीचं पाणी वाटून घेतलं. अध्यक्षस्थानी हर्बर्ट हूवर, जे तेव्हा व्यापारमंत्री होते. वरच्या राज्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्यांना ७५ लाख. १९४४ च्या करारानं मेक्सिकोला आणखी १५ लाख. बेरीज १ कोटी ६५ लाख. २००० नंतरची नदीची सरासरी मात्र १ कोटी २५ लाखांच्या आसपास आहे. तळ्यावरून उन्हानं उडून जातं ते वेगळंच. आणि नदीकाठच्या मूळ रहिवासी जमातींना त्या बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं.

लबाडी कुणी केली नव्हती. विसाव्या शतकाची पहिली वीस वर्षं त्या खोऱ्यात पाऊस-बर्फ भरपूर झालं, आणि मोजमापं हाताशी होती ती मुख्यतः त्याच वर्षांची. झाडांच्या खोडांतली वलयं मोजून १९७६ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की ती वर्षं कित्येक शतकांत उठून दिसावीत इतकी ओली होती. ते पुढचं झालं. पण ला रू नावाचा एक सरकारी जलतज्ज्ञ विसाच्या दशकातच सांगत होता की एवढं पाणी या नदीत नाही. त्याचं ऐकलं गेलं नाही. प्रत्येक बँकेत असा एक असतो. तो बोलायला लागला की मीटिंगमध्ये चहा येतो.

कर्ज मागायला येणारा माणूस आपले चांगले ताळेबंद घेऊन येतो, हे आम्हां लोकांना ट्रेनिंगमध्येच शिकवतात. वाईट वर्ष शोधा, त्या वर्षी हप्ता निघाला असता का ते बघा, मग लिमिट ठरवा. कोलोरॅडोचं लिमिट तिच्या सर्वांत सुखाच्या वर्षांवर ठरलं आणि ते कायमचं ठरलं. पुढची शंभर वर्षं सगळा देश त्या ओव्हरड्राफ्टवर चेक फाडत राहिला.

वसुलीची वेळ येते तेव्हा ज्याचा बोजा दुसरा, तो पहिला मरतो. खालच्या तीन राज्यांत कॅलिफोर्नियाला ४४ लाख एकर-फूट, ॲरिझोनाला २८ आणि नेवाडाला अवघे ३. माझी लेक राहते ते फीनिक्स शहर ॲरिझोनात. तिच्याकडे नदीचं पाणी ३३६ मैलांच्या कालव्यानं, पंपांनी उचलून येतं. हा कालवा पदरात पडावा म्हणून १९६८ मध्ये ॲरिझोनानं मान्य केलं की तूट पडली तर आधी आमच्या कालव्याचं कापा, कॅलिफोर्नियाचं नंतर. ऑगस्ट २०२१ मध्ये इतिहासात पहिल्यांदा तूट अधिकृतपणे जाहीर झाली आणि पुढच्या वर्षासाठी ॲरिझोनाचं ५ लाख १२ हजार एकर-फूट कापलं गेलं. लेकीच्या नळाचं पाणी तसंच राहिलं. गेलं ते मुख्यतः पिनाल परगण्यातल्या शेतकऱ्यांचं, कापूस आणि लसूणघास पिकवणाऱ्यांचं. शेतं पडीक राहिली.

गंमत म्हणजे ज्या लास वेगासला सगळं जग उधळं म्हणतं, ते गाव पाण्याच्या बाबतीत पक्कं चिक्कू आहे. घरात वापरून मोरीत गेलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून ते तळ्यात परत सोडतात, आणि नुसतं शोभेचं गवत काढून टाकण्याचा कायदा त्यांनी २०२१ मध्ये केला. तीन लाखांत भागवायचं आहे हे ज्याला पहिल्यापासून ठाऊक असतं, तो शिकतो.

आता जे सांगायचं ते सांगतो. बसमध्ये बसल्यावर मला आठवत होता तो कोलोरॅडोचा करार नव्हे, १९८९ सालचा एक छापील फॉर्म.

मी तेव्हा एका धरणाखालच्या शाखेत मॅनेजर होतो. धरणाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. एका म्हाताऱ्याची वडिलार्जित जमीन त्या धरणात गेली होती. मोबदल्याची पासष्ट टक्के रक्कम सरकारात परत भरून त्याला लाभक्षेत्रात पर्यायी जमीन मिळाली होती, पाच एकर, कालव्याच्या शेपटाकडची. पाइपलाइन आणि उसासाठी तो कर्ज मागत होता. मी जाऊन पाहणी केली. त्या वर्षी कालवा तुडुंब वाहत होता. पोरं त्यात डुंबत होती. ‘पाण्याची सोय’ या रकान्यात मी लिहिलं, ‘बारमाही’.

ते लिहिताना मला दोन गोष्टी माहीत होत्या, म्हणजे माहीत असायला हव्या होत्या. एक म्हणजे राज्यात तोवर आठमाही सिंचनाचं धोरण आलं होतं, आणि ऊस तर वर्ष-दीड वर्ष जमिनीत उभा राहतो. दुसरी जास्त साधी. आपल्याकडची सिंचनाची धरणं सर्वसाधारणपणे पंचाहत्तर टक्के विश्वासार्हतेवर आखतात. म्हणजे चारांतल्या एका वर्षी पाणी कमी पडणार हे आराखड्यातच गृहीत असतं. ते लपवून ठेवलेलं नसतं. इंजिनिअरनं लिहिलेलं असतं, आम्ही वाचलेलं नसतं.

पहिली तीन वर्षं हप्ते वेळेवर आले. मग एका वर्षी आवर्तन त्याच्या चारीपर्यंत पोचलंच नाही, ऊस उभा वाळला. पुढच्या वर्षी पोचलं ते उशिरा. थकबाकी वाढली, वरून पत्रं आली, आणि सात-बारावर बोजा असलेल्या त्या जमिनीची नोटीस माझ्याच सहीनं गेली. म्हातारा शाखेत आला. भांडला नाही. टोपी काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, ‘सायेब, बारमाही तुम्हीच लिवलं हुतं न्हवं?’

अडीच एकर विकून त्यानं बोजा उतरवला. बँकेच्या दृष्टीनं खातं व्यवस्थित बंद झालं. मला त्या तिमाहीत वसुलीबद्दल शाबासकीही मिळाली.

धरणांविरुद्ध लिहिण्याचा माझा हेतू नाही. धरण नसतं तर आमच्या घरात दिवा नसता आणि लेकीच्या घरात नळ नसता. माझी तक्रार त्या एका शब्दाबद्दल आहे. मोजणारे लोक बहुधा नीट मोजतात. मोजमाप कागदावरून कागदावर उतरत खाली येतं तसतशी त्यातली वाईट वर्षं गळत जातात, आणि शेवटच्या कागदावर, जो शेतकऱ्याच्या हातात पडतो त्यावर, फक्त बारमाही उरतं. कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या बच्छावत लवादानं पंचाहत्तर टक्क्यांची कसोटी लावून २,०६० टीएमसी धरले होते. २०१० च्या दुसऱ्या निवाड्यानं पासष्ट टक्क्यांपर्यंत खाली येऊन वाटायला जास्त पाणी काढलं. तो निवाडा कोर्टात अडकला ही गोष्ट वेगळी. आमच्या भाषेत याला मार्जिन कमी करणं म्हणतात, आणि ते नेहमी निवडणुकीच्या आधीच्या कर्जमेळाव्यातच का होतं हे मी पस्तीस वर्षांत कुणाला विचारलं नाही. उजनीचा साठा उणे किती टक्के झाला हे आता आपण क्रिकेटच्या स्कोअरसारखं वाचतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता. उणे साठ्यावर चालणारं खातं बँकेत दिसलं असतं तर इन्स्पेक्टर आला असता. इथं पुढच्या हंगामाचा ऊस लागला.

हे सगळं मी हिला बसमध्ये सांगत होतो. म्हाताऱ्याची गोष्ट तिला ठाऊक होती, मी शाबासकी मिळाल्याचं मात्र कधी सांगितलं नव्हतं. ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. बाहेर वाळवंट होतं आणि मध्येच एखाद्या वसाहतीची हिरवी कड.

हॉटेलच्या दारात गाइड उतरून उभा राहिला, टोपी हातात धरून. इथं टीप द्यायची पद्धत आहे, तीही आमच्या तिकिटात धरलेली नव्हती. मी पाच डॉलरची नोट त्याच्या हातात ठेवली. चार पावलं गेल्यावर ही थांबली. पिशवीत फुकटच्या दोन्ही बाटल्या होत्या, त्यातली एक अर्धी भरलेली.

‘दहा द्यायचे होते,’ ती म्हणाली. ‘विचारल्यावर खरं सांगितलं त्यानं.’

मी परत गेलो, पण बस निघून गेली होती.