मतभेदाची जागा

अशोक विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीच्या परिसरात ज्याने एकदा फेरफटका मारला आहे, त्याला मराठी माणूस वाचीत नाही ही तक्रार पुन्हा करवणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या स्मृतीस वंदन करण्यासाठी खेड्यापाड्यांतून येणारा अनुयायी परतताना ग्रंथ घेऊन जातो. एकीकडे वामनदादा कर्डकांची गीते कानी पडत असतात, दुसरीकडे पुस्तकांच्या दुकानांपुढली गर्दी हटत नाही. आम्ही पूर्वी शाळामास्तर होतो. पाठ्यपुस्तकाबाहेरचे एखादे पुस्तक मुलांच्या हाती देताना किती आर्जवे करावी लागत, हे आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच हातावर पोट असलेला माणूस गाठीचे पैसे सोडून पुस्तक घेताना दिसला, की आपल्या सुशिक्षितपणाचा अभिमान थोडा आवरावासा वाटतो.

या दुकानांतून बाबासाहेबांच्या शासकीय ग्रंथखंडांची हटकून चौकशी होते. त्यांचे संपादक वसंत मून हे या शहराचेच सुपुत्र. ‘वस्ती’ या आत्मकथनात त्यांनी येथले आपले बालपण रेखाटले आहे. १९८७ साली त्यांनी संपादित केलेला चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, बाहेर पडला. राम व कृष्ण यांच्या चरित्रांची परखड चिकित्सा करणाऱ्या त्यातील परिशिष्टावरून वादळ उठले. १९८८ च्या जानेवारीत अमरावतीत ग्रंथाची होळी झाली. मुंबईत विरोधाचे आणि समर्थनाचेही मोर्चे निघाले. शासनाने प्रथम ते परिशिष्ट वगळण्याचे ठरविले. पुढे ते कायम राहिले, मात्र या मतांशी शासन सहमत नाही, अशी तळटीप त्यास जोडण्यात आली.

ही निव्वळ राजकीय तडजोड होती, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. असेलही. परंतु आम्हांस त्या तळटीपेत सुसंस्कृत समाजाचा एक नियम दिसतो. मतभेदाची जागा मजकुराच्या खाली आहे, मजकुराच्या उरावर नव्हे. ज्यांची श्रद्धा दुखावली त्यांचे दुःख खोटे होते, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी प्रत्युत्तर लिहावे, सभा घ्यावी, हवे तर तो ग्रंथ घरात येऊ देऊ नये. परंतु ग्रंथ जाळणारा केवळ लेखकाचा अपराधी नसतो. ज्याने तो ग्रंथ अद्याप उघडलाही नाही, त्या तिसऱ्या माणसाचा, म्हणजे वाचकाचा, निवाडा तो परस्पर करून टाकतो.

संगीताच्या मैफिलीत हा विवेक आपण सहज पाळतो. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या वसंतराव देशपांड्यांची गायकी एका घराण्याच्या चौकटीत मावणारी नव्हती, आणि चौकटीचे अभिमानी रसिक तर गावोगावी असतात. न रुचणारे गाणे ऐकून असा रसिक नाक मुरडील, फार तर उठून जाईल. पण तंबोऱ्याच्या तारा तोडावयास तो धावत नाही. गाण्याला दिलेली ही सवलत आपण शब्दाला का देत नाही?

हा प्रश्न केवळ पुस्तके जाळणाऱ्यांनाच विचारून भागणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ब्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना बोलाविण्यात आले आणि संमेलन उधळण्याच्या धमकीपुढे मान तुकवून ते निमंत्रण मागे घेण्यात आले. साहित्य महामंडळाचे कार्यालय त्या वेळी आपल्या नागपुरातच होते. संमेलनाध्यक्षा अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरून या प्रकाराविषयी नापसंती व्यक्त केली, ही मराठीची अब्रू राखणारी गोष्ट. सहगल यांचे भाषणही वृत्तपत्रांतून वाचकांपर्यंत पोहोचलेच. शासनाला १९८८ मध्ये, उशिरा का होईना, जी तळटीप सुचली, ती एकतीस वर्षांनी साहित्यिकांच्या संस्थेला सुचू नये, याचा मात्र आम्हांस विषाद वाटतो. पाहुण्यांच्या मतांशी आम्ही सहमत असूच असे नाही, एवढे एक वाक्य पुरेसे होते.

दीक्षाभूमीवरून तो ग्रंथ घेऊन जाणारा माणूस ते परिशिष्टही वाचील आणि त्याची तळटीपही वाचील. कोणते मानावे, हे त्याचे तो ठरवील. तेवढा विश्वास त्याच्यावर टाकण्यास आपण सुशिक्षितांनी शिकले पाहिजे.